गोऱ्या पलटणीचे चोवीस शिपाई

१

तीन नोव्हेंबर १९६१ च्या सकाळी किहीमच्या सुभेदार टिपणिसांच्या ओटीवरून कंपनी सरकारची गोरी पलटण नाहीशी झाली. चोवीस शिपाई होते, एकही मागे राहिला नाही. शिशाचे, बोटाएवढ्या उंचीचे. पण किहीमात त्यावरून जो गाजावाजा झाला, तेवढा खरी पलटण येऊनही झाला नसता.

आधी सुभेदारांचा नाद सांगते. ते फौजेतून निवृत्त झाले तेव्हा देवळालीच्या छावणीतला एक इंग्रज मेजर कायमचा विलायतेला चालला होता. त्यानं आपली शिशाच्या शिपायांची पेटी सुभेदारांना दिली आणि टेबलावर फौजा मांडून लढाई कशी खेळायची तेही शिकवलं. सुतळीनं अंतर मोजायचं, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. पेटीत सगळे साहेबाचेच शिपाई, मग लढायचं कोणाशी? सुभेदारांनी कानस घेतली, निम्म्यांच्या टोप्या घासून काढल्या, शिशाचा डाख देऊन पगड्या जोडल्या आणि साहेबाच्या घोडेस्वारांचे मराठी बारगीर केले. चौदा वर्षं हेच चाललं होतं. बायको गेली, मुलगी नागपूरला दिली, सुभेदार आपले कानस घेऊन ओटीवर.

दर रविवारी दुपारी नारळाच्या वखारीचे अब्दुस्समदभाई खेळायला येत. पाच नोव्हेंबरला खडकीची लढाई ठरलेली, कारण पेशव्यांची फौज कंपनीशी खडकीला लढली ती त्याच तारखेला. अडचण एवढीच, की कंपनीची बाजू दोघांनाही नको असे. नाणं उडवून ठरवत, आणि अकरा वर्षांत नऊ वेळा कंपनी समदभाईंच्या गळ्यात पडली होती. यंदा पाच तारीख नेमकी रविवारी येत होती, म्हणून सुभेदारांचा उत्साह जास्त होता.

मी चंद्राबाई कर्णिक. बत्तीस वर्षं सरकारी नर्स होते, या किनाऱ्यावरची अर्धी माणसं पहिल्यांदा रडली ती माझ्या हातात. निवृत्त झाल्यापासून मला दुसऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालायला भरपूर वेळ मिळतो.

त्या शुक्रवारी दहाच्या सुमारास भागुबाई कोळीण माझ्या पायरीवर येऊन बसली. ती सुभेदारांकडे झाडलोट करी आणि मासळी आणून देई. शिवाय मुंबईकरांच्या तीन बंगल्यांच्या चाव्या तिच्याकडे असत. भागू रडत नव्हती, पण तिचे हात मांडीवर नुसते पडले होते. तिला रिकाम्या हातांनी बसलेली मी तोवर पाहिली नव्हती.

झालं ते तिनं सांगितलं. सकाळी सुभेदार तरातरा कोळीवाड्यात आले. बायका दोरीवर बोंबील घालत होत्या. भागूच्या दारात करवंटीत नुकतीच ओतलेली शिशाची वजनं होती, जाळ्याच्या कडेला लावतात ती. सुभेदारांनी ती पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, माझी पलटण वितळवलीस, चोर आहेस तू. घराची चावी काढून घेतली. सोमवारी अलिबागला फौजदाराकडे तक्रार देणार म्हणाले. आणि सोमवारीच मुंबईकर दिवाळीसाठी यायचे होते.

“नर्सबाय, चोराच्या हातात कोन चावी देल?” भागू म्हणाली. “माजा नवरा दर्यात गेला तवा माज्याजवल नावाबिगर काय बी नव्हतं. त्याच्यावरच आजवर खाल्लं.”

मी म्हटलं, बघते. हातात दोनच दिवस होते.

२

सुभेदार ओटीवर येरझारा घालत होते. मला पाहून म्हणाले, “चंद्राबाई, तुम्ही तिची वकिली करायला आला असाल तर चहा घ्या आणि जा.”

मी चहा घेतला आणि गेले नाही.

ओटीच्या भिंतीला दोन फळ्या होत्या. वरच्या फळीवर पत्र्याचा रिकामा ट्रे, त्याच्या बाजूला पडलेलं वर्तमानपत्र आणि बिस्किटांचा एक डबा. खालच्या फळीवर एका लाकडी पाटावर हिरव्या अंगरख्यांचे चोवीस अरब ओळीनं उभे. पेशव्यांच्या फौजेत अरब पायदळ होतं म्हणे, आणि सुभेदारांना खडकीत ते हवं होतं.

विचारत गेले तसं सगळं कळत गेलं. आदल्या शुक्रवारी सुभेदारांनी गोरी पलटण पेटीतून काढली. खाऱ्या हवेनं रंग पार उडाला होता. म्हणून त्यांनी एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत लाल रंगाचा एक हात दिला. तोंडं, पांढरे पट्टे, काळ्या टोप्या मागाहून करायच्या. शिपाई ट्रेमध्ये वाळत ठेवले, धूळ बसू नये म्हणून वर वर्तमानपत्र पसरलं, आणि शनिवारी दात काढून घ्यायला ते मुंबईला भावाकडे गेले. गुरुवारी संध्याकाळी परत आले. शुक्रवारी सकाळी कागद उचलला तर ट्रे रिकामा.

मधल्या दिवसांत घरात कोण आलं, हा माझा साधा प्रश्न. चावी भागूकडे, त्यामुळे भागू. आणि नजमुद्दीन. हा होड्या रंगवणारा माणूस. सुभेदारांचा हात थरथरायला लागल्यापासून शिपायांचं बारीक रंगकाम तोच करी. निघताना सुभेदारांनी त्याला रस्त्यातच सांगितलं होतं, की अरब वरच्या फळीवर तयार आहेत, चोवीस आहेत, रंगवून आण. भागूनं दार उघडलं, तो घेऊन गेला, आणि गुरुवारी दुपारी रंगवलेले आणून ठेवले.

“चोवीस नेले, चोवीस आणले,” सुभेदार म्हणाले. “त्याचा हिशेब चोख आहे.”

मग त्यांचा चेहरा जरा खुलला. हे अरब त्यांनी टोप्या घासून केलेले नव्हते. यंदा पहिल्यांदाच त्यांनी प्लास्टरचा साचा करून शिपाई स्वतः ओतले होते, पगडीबिगडीसकट. ओतून बिस्किटांच्या त्या डब्यात भरून ठेवले होते. मी कौतुकानं एका अरबाला हात लावायला गेले तर ते ओरडलेच. होडीचा तेलकट रंग समुद्राकाठच्या हवेत चार दिवस सुकत नाही, रविवारपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्यांनी स्वतःसुद्धा लावला नव्हता.

जाताजाता मी विचारलं, की गोऱ्या पलटणीत एकूण शिसं किती? सुभेदार म्हणाले, विलायती शिपाई आतून पोकळ असतो, तळपायापाशी भोक असतं, वजनाला अगदी हलका. चोवीसांचं मिळून शेरभरही भरणार नाही. त्यांचे अरब मात्र भरीव.

३

तशीच कोळीवाड्यात गेले. भागूची करवंटी उचलून पाहिली. जन्मलेलं मूल हातात घेतलं की किती भरेल ते मला काट्याच्या आधी कळतं, त्यामुळे वजनाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. करवंटीत चार शेर शिसं सहज होतं. भागूचा दीर शिवदास नवं जाळं बांधत होता आणि जुन्या जाळ्याची वजनं वितळवून त्यांनी ही नवी ओतली होती. कारण पटण्याजोगं होतं. पण चार शेरांत शेरभर साहेबाचं नसेलच असं कशावरून, असं सुभेदार म्हणाले असते, आणि तेही खरं.

भागूनं माझ्या मनातलं ओळखलं असावं. तिनं एक वजन दोरीवर बसवलं आणि दातांनी दाबून बंद केलं. शिसं मऊ, मेणासारखं मिटलं. मग म्हणाली, “सायबाच्या शिपायाचं शिसं कडक हाय. मागं त्यांनीच एक मोडका दिलेला. दाबला तं तुकडं झालं. असलं जाल्याला चालत न्हाय, बाय. मी नेऊन करू काय?”

हा पुरावा चांगला होता, पण पलटण सापडल्याशिवाय तो कोण मानणार?

आता एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. घरी आले, हातपाय धुतले, आणि कपाट उघडून चांदीच्या वाट्या मोजल्या. भागू माझ्याही स्वयंपाकघरात येत असे, तिची पहिली मुलगी माझ्या हातची. वाट्या सहा होत्या, सहाच निघाल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी जेवले नाही.

४

शनिवारी सकाळी समदभाईंच्या वखारीत गेले. कारण होतं. चार माणसांत ते अनेकदा म्हणाले होते, की एक दिवस ही कंपनी मी खाडीत बुडवणार. गोरी पलटण नसती तर खडकीच झाली नसती, आणि दहाव्यांदा इंग्रज व्हायची पाळी टळली असती.

मी हे तोंडावर विचारलं तेव्हा ते आधी खूप हसले. मग नारळ मोजणाऱ्या माणसाला बाहेर पाठवलं. भाचीच्या लग्नासाठी ते आठवडाभर मुरूडला होते, कालच परतले होते, आणि भागूचं त्यांना माझ्याकडूनच कळत होतं.

“बाई, ती पलटण गारद व्हावी असं मला अकरा साल वाटत आलंय,” ते म्हणाले. “पण तिच्यापायी त्या गरिबाचं नाव जात असेल तर मी विलायतेहून दुसरी मागवून देईन. खुदाकसम, मी नाही नेली.”

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दुसरी पलटण आणून भागूचं नाव परत आलं नसतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

नजमुद्दीन किनाऱ्यावर एका मचव्याला रंग देत होता. मचवा टोकापासून टोकापर्यंत शेंदरी लाल होता आणि नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, तो त्यावर हिरवा चढवत येत होता. मी विचारलं, लाल इतका चांगला दिसतोय, मग पुन्हा हिरवा कशाला? माझ्या अज्ञानाची त्याला दया आली. लाल हा रंग नव्हेच, तो म्हणाला, ते अस्तर. आधी शेंदराचं अस्तर, ते वाळलं की मग मालकाला हवा तो रंग. अस्तराशिवाय तो लाकडाला ब्रश लावत नाही, लोखंडाला नाही, कशालाच नाही.

गोऱ्या पलटणीबद्दल विचारलं. लाल डगले, पांढरे पट्टे, काळ्या टोप्या, ती पलटण ना? दरवर्षी पाहतो, यंदा नाही पाहिली. सरळ माझ्याकडे पाहून बोलला, ब्रश थांबला नाही. मग अरबांचा विषय निघाला आणि तो कुरकुरायला लागला.

“रंग एका दिवसाचं काम, बाय. पगड्यांनी माझी कंबर मोडली. एकेकाची सुतानं गुंडालायची, वर मेन चोपडायचं. चार दिवस गेले त्यात. सुभेदारसाब पयले हे स्वता करून देत. आता हात थरथरतो त्यांचा, काय बोलनार?”

मी बरं म्हटलं आणि निघाले. नारळीच्या बागेतून निम्म्या वाटेवर आले आणि जागच्या जागी थांबले. सुभेदारांनी अरब ओतले होते पगडीबिगडीसकट. मग नजमुद्दीननं पगड्या गुंडाळल्या कोणाला?

५

रविवारी सकाळी नऊ वाजता मी समदभाई आणि नजमुद्दीनला घेऊन सुभेदारांच्या ओटीवर हजर झाले. टेबलावर वाळू पसरून मुळा-मुठा काढून ठेवल्या होत्या. शेजारी फौजदाराच्या नावाचा कागद लिहून तयार होता.

मी सरळ खालच्या फळीकडे गेले आणि एक अरब उचलला. सुभेदार ओरडले, पण उशीर झाला होता. माझी दोन बोटं हिरवी झाली. आणि अरब हाताला लागला हलका, फुलासारखा.

“सुभेदार, तुमचा अरब भरीव असतो ना?”

“भरीव. म्हणून तर...”

मी तो उलटा करून त्यांच्यापुढे धरला. तळाला, पायांपाशी, मोहरीएवढं भोक होतं. सुभेदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग नखानं अंगरख्याचा ओला हिरवा रंग खरवडला. खाली लाल निघाला.

“आता तो बिस्किटांचा डबा उचला,” मी म्हटलं.

“रिकामा आहे तो.”

“उचला तर खरा.”

त्यांनी एका हातानं उचलायला घेतला आणि त्यांचा हात खाली गेला. दुसरा हात लावावा लागला. झाकण काढलं. आत कोऱ्या राखाडी शिशाचे, साच्यातल्या पगड्या घातलेले चोवीस अरब जसेच्या तसे पडून होते.

आता नजमुद्दीन घाबरला. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. वरच्या फळीवर चोवीस शिपाई तयार आहेत, एवढंच सुभेदारांनी त्याला सांगितलं होतं. त्यानं कागद उचलला तर खाली चोवीसच उभे, डोक्यापासून पायापर्यंत लाल. होडी रंगवणाऱ्याच्या डोळ्यांना लाल म्हणजे अस्तर, आणि अस्तर दिलेलं म्हणजे रंगाला तयार. डबा उघडायचं त्याला कारणच नव्हतं. उंच टोप्या दिसल्या, त्यातही त्याला नवल वाटलं नाही. चौदा वर्षं सुभेदार साहेबाच्याच टोप्या घासून सगळी फौज करत आले होते. यंदा हात चालत नाही म्हणून ते काम आपल्यावर सोडलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं टोप्या घासल्या, पगड्या गुंडाळल्या, हिरवा रंग दिला. चोवीस नेले, चोवीस आणले. चोरी कोणी केलीच नव्हती.

“साच्याचं तुम्ही याला सांगितलं होतं का?” मी विचारलं.

“नाही,” सुभेदार म्हणाले. “रविवारी सगळ्यांना चकित करणार होतो.”

समदभाईंना हसू आवरेना. अख्खी गोरी पलटण आठवड्यात फितूर होऊन पेशव्यांना मिळाली, म्हणाले, खडकीला हे झालं असतं तर काय बहार झाली असती. सुभेदारही हसले असते. पण त्यांची नजर त्या लिहिलेल्या कागदावर गेली आणि समदभाईंचं हसणंही थांबलं.

६

सुभेदारांनी कागदाचे तुकडे केले. म्हणाले, नजमुद्दीन, जा, भागुबाईला बोलावून आण.

मी म्हटलं, “चोर म्हणायला तुम्ही तिला इथं बोलावलं नव्हतं.”

एवढं बोलायचा मला काय अधिकार होता, हे मलाच ठाऊक. पण माणूस फौजेतला. त्यांनी कोट चढवला, काठी घेतली आणि चालू लागले. आम्ही तिघं मागे.

किनाऱ्यावर बायका बोंबील उलटत होत्या. वारा होता. भागू मधल्या दोरीशी होती. सुभेदार तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, की पलटण घरातच होती, चूक माझी झाली, तू काही नेलं नाहीस. मला ते ऐकू आलं कारण मी जवळ होते.

भागूनं हातातला बोंबील दोरीवर नीट घातला. “साहेब, त्या टोकाच्या बायांना वाऱ्यात ऐकू गेलं न्हाय. त्या दिवशी गेलेलं.”

सुभेदार वळले. ज्या आवाजात कधीकाळी पलटणीला हुकूम देत असतील त्या आवाजात म्हणाले, “भागुबाई चोर नाही. मी खोटं बोललो.” मग दुसऱ्या टोकाकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज फाटला. सगळ्यांचे हात थांबले होते. शिवदास जाळं टाकून उठून उभा राहिला होता.

मग ते भागूला हलक्या आवाजात म्हणाले, उद्यापासून कामाला ये.

“माज्या मनात राग न्हाय, साहेब,” भागू म्हणाली. “तुमी इथवर आलात, मोट्यानं बोललात, माजं नाव मला परत मिललं. दुसऱ्या कोनी एवढंपन केलं नसतं. पन तुमच्या घरात मी आता येनार न्हाय. उद्या एक चमचा दिसला न्हाय तरी पयलं माजंच नाव तुमच्या मनात येल. तुमी बोलनार न्हाय, पन ते मला तुमच्या तोंडावर दिसल.”

ती बोलत होती सुभेदारांशी. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, आणि मला तिथं उभं राहवेना.

सोमवारी तिनं मुंबईकरांचे तिन्ही बंगले उघडले, धुऊन-पुसून ठेवले, आणि कोणी तिला काही विचारलं नाही. सुभेदारांकडे मग दुसरी बाई लागली, ती गेली, तिसरी आली. मासळी मात्र भागूच आणून देई, फाटकाशी उभी राहून हाक मारी. सुभेदार स्वतः खाली येऊन घेत, दाताची आणि जाळ्याची चौकशी होई. आत ये असं त्यांनी तिला पुन्हा कधी म्हटलं नाही. तेवढं म्हणायचा आपला हक्क गेला, हे त्यांना कळलं होतं.